किती खरे, आणि कोणत्या प्रमाणाने?

मराठीत ‘कितपत’ हा फार सोयीचा शब्द आहे. ‘या बातमीत कितपत तथ्य आहे?’ असे कोणी विचारले, की प्रश्न कळला असे आपण धरून चालतो. उत्तर द्यायला बसल्यावर मात्र लक्षात येते, की प्रश्न एक नाहीच. बातमीतला आकडा किती फुगवलेला आहे, हे विचारायचे आहे? की तिच्यातल्या चार विधानांपैकी किती टिकतात, हे? की सांगणाऱ्याला स्वतःला कितीशी खात्री आहे, हे? की त्याला हे कळले कुठून, हे? ‘बऱ्यापैकी तथ्य आहे’ असे म्हटले, की चारही प्रश्नांना उत्तर दिल्यासारखे होते आणि एकाचेही दिलेले नसते.

सत्याला टक्केवारी लावण्याची सवय सार्वजनिक बोलण्यात मुरत चालली आहे. ‘अर्धसत्य’, ‘ऐंशी टक्के खरे’, ‘अंशतः चूक’ असे शिक्के आपण सहज वापरतो. माझे म्हणणे असे, की हे शिक्के बहुतेक वेळा सत्याबद्दल काही सांगतच नाहीत. ते दुसऱ्याच कशाची तरी मात्रा सांगतात, आणि ती कशाची हे झाकून ठेवतात. मला हे सर्वांत स्पष्ट दिसले ते जगात फार थोडे लोक बोलतात अशा एका भाषेच्या व्याकरणात. ती भाषा म्हणजे लोज्बान.

लोज्बान ही मुद्दाम घडवलेली भाषा आहे. तिची थोरली बहीण ‘लॉगलान’. जेम्स कुक ब्राउन यांनी 1955 मध्ये तिचे काम सुरू केले ते एक कल्पना तपासायला: माणसाच्या भाषेची घडण त्याच्या विचाराची घडण ठरवते का? तर्कशास्त्रावर उभे असलेले व्याकरण शिकलेला माणूस वेगळा विचार करू लागेल का? पुढे त्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्यांनी लॉजिकल लँग्वेज ग्रुप या संस्थेमार्फत 1987 पासून लोज्बान उभी केली आणि 1997 मध्ये जॉन कोवान यांनी तिचे सविस्तर व्याकरण ग्रंथरूपात मांडले. तिचे 1300हून अधिक मूळ शब्द चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी या सहा भाषांतल्या ध्वनींची गोळाबेरीज करून बनवले आहेत. तिच्यात नकाराचा शब्द ‘ना’ आहे, हे ऐकून मराठी वाचकाला बरे वाटेल. भाषेने विचार बदलतो की नाही, या मूळ प्रश्नात मला इथे शिरायचे नाही. मला त्या व्याकरणाचा एक कोपरा दाखवायचा आहे.

लोज्बानमध्ये प्रत्येक क्रियावाचक वा गुणवाचक शब्दाला ठरावीक जागा असतात आणि त्या शब्दकोशात लिहिलेल्या असतात. ‘बार्दा’ म्हणजे मोठा असणे. त्याला तीन जागा: मोठे काय, कोणत्या बाबतीत मोठे, आणि कोणत्या मापाच्या तुलनेत मोठे. ‘मेल्बी’ म्हणजे सुंदर असणे, आणि त्याला चार जागा: सुंदर काय, कोणाला, कोणत्या बाबतीत, कोणत्या सौंदर्यदृष्टीने. बोलताना या जागा रिकाम्या ठेवायला पूर्ण मुभा आहे. पण रिकामी ठेवलेली जागा नाहीशी होत नाही. ऐकणारा कोणत्याही क्षणी तिच्यावर बोट ठेवून विचारू शकतो, ‘इथे काय होते?’ मराठीत ‘तो फार मोठा माणूस आहे’ हे वाक्य जागा रिकामी आहे याची जाणीवसुद्धा होऊ न देता उच्चारता येते.

आता मुद्द्याचे दोन छोटे शब्द. एका आख्ख्या वाक्याला नामासारखे वापरायचे असेल, तर लोज्बानमध्ये वाक्याच्या आधी एक लहानसा शब्द ठेवतात. वाक्यातली घटना हवी असेल तर एक शब्द, वाक्यातले विधान हवे असेल तर दुसरा, त्यातला गुण हवा असेल तर तिसरा. याच कुळात ‘नी’ आणि ‘जेइ’ आहेत. ‘पाणी गरम आहे’ या वाक्याआधी ‘नी’ लावला, की अर्थ होतो पाणी गरम असण्याची मात्रा, म्हणजे ते किती गरम आहे. ‘जेइ’ लावला, की अर्थ होतो त्या विधानाचे सत्यमूल्य, म्हणजे ते किती खरे आहे. मराठीत दोन्हीकडे ‘किती’च येतो. लोज्बानमध्ये ते पहिल्या अक्षरापासून वेगळे आहेत.

त्यांची दुसरी जागा पाहिली की फरक आणखी उघडा पडतो. ‘नी’च्या दुसऱ्या जागेवर मापनश्रेणी येते: कोणत्या मोजपट्टीवर एवढे? ‘जेइ’च्या दुसऱ्या जागेवर येते ज्ञानाची पद्धत: कोणत्या कसोटीने खरे? पाण्याचे तापमान 40 अंश सेल्सिअस आहे, हे ‘नी’चे उत्तर झाले. ते पाण्याबद्दल आहे. ‘पाणी गरम आहे’ हे विधान खरे की खोटे, हे मात्र ‘गरम’च्या रिकाम्या जागेत काय भरतो त्यावर ठरते. आंघोळीच्या मापाने 40 अंशांचे पाणी गरम आहे, आणि ज्याला उकळते पाणी हवे त्याच्या मापाने गार. माप भरले की पहिले विधान सरळ खरे आणि दुसऱ्या मापाने तेच सरळ खोटे. कुठेही अर्धे काही उरत नाही. माप न भरता ‘हे विधान 0.6 इतके खरे आहे’ असे म्हणणारा माणूस पाण्याची उष्णता सत्याच्या खात्यात जमा करतो.

इथे मराठीच्या एका शब्दाकडे पाहावेसे वाटते. ‘मोठ्या प्रमाणात’ म्हणतो तेव्हा ‘प्रमाण’ म्हणजे मात्रा. ‘प्रमाणभाषा’ म्हणतो तेव्हा प्रमाण म्हणजे आदर्श माप. ‘प्रत्यक्ष प्रमाण’ म्हणतो तेव्हा प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. लोज्बानने तीन वेगळ्या जागांवर ठेवलेल्या तीन गोष्टी, म्हणजे मात्रा, तुलनेचे माप आणि ज्ञानाची कसोटी, आपण एकाच शब्दात ठेवल्या आहेत. यात मराठीचे उणे काढायचे नाही. माती, पीठ आणि धातू एकाच तराजूत तोलणाऱ्या माणसांनी घडवलेली ती शहाणी भाषा आहे, आणि संदर्भावरून आपल्याला अर्थ कळतोच. पण जिथे संदर्भच वादग्रस्त असतो, तिथे हे तीन अर्थ एकमेकांत घसरतात आणि आपल्याला घसरण जाणवत नाही.

लोज्बानचे व्याकरणही या बाबतीत पूर्ण सोवळे नाही. खऱ्याखोट्याच्या मधल्या करड्या छटा दाखवण्याचे साधन म्हणजे ‘जेइ’, असे कोवान यांचा तो ग्रंथ स्पष्ट म्हणतो. काही बोलणारे आणखी पुढे जातात. ‘जाहा’ हा होकाराचा शब्द, ‘खि’ म्हणजे शब्दाला आकडा जोडणारे पद, ‘पि’ म्हणजे दशांशचिन्ह, ‘मु’ म्हणजे 5. ‘जाहा खि पि मु’ असे वाक्यात घातले, की ते वाक्य 0.5 इतके खरे म्हणून सांगितले जाते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला फार आवडले होते. आता वाटते, की ज्या भाषेने मात्रेला आणि सत्याला वेगळी घरे बांधून दिली, तिने या युक्तीने मधली भिंत पुन्हा पाडली.

या मोहामागे मोठी परंपरा आहे, हे मान्य करायला हवे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी 1920 मध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य आणले, ते उद्या घडणाऱ्या गोष्टींबद्दलच्या विधानांसाठी. लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये ‘फझी सेट’, म्हणजे धूसर काठांचा गट, ही कल्पना मांडली. ‘उंच माणसे’ या गटात कोणी पूर्ण असतो, कोणी 0.7 इतका, कोणी 0.2 इतका. 1987 मध्ये जपानमधल्या सेन्दाई शहराची भुयारी रेल्वे याच तर्काने वेग आणि ब्रेक सांभाळत धावू लागली. ते यश खरे आहे. पण त्या यशाकडे नीट पाहा. गाडी किती वेगात आहे, थांबा किती जवळ आहे, ब्रेक किती दाबायचा, या सगळ्या मात्रा आहेत. ‘वेग जास्त आहे’ हे विधान किती खरे, असा प्रश्न कोणा प्रवाशाला कधी पडला नाही. तिथे ‘नी’ चालत होता आणि नाव ‘जेइ’चे लागले.

सत्यालाच अंश दिले तर काय बिघडते, हे एका उदाहरणाने पाहता येते. मध्यम उंचीची दोन माणसे घ्या, अगदी सारख्या उंचीची. ‘पहिला उंच आहे’ हे 0.5 खरे आणि ‘दुसरा उंच आहे’ हेही 0.5 खरे. झादेंच्या नियमाने नकाराचे मूल्य 1 वजा मूळ मूल्य, आणि ‘आणि’ने जोडलेल्या दोन विधानांचे मूल्य म्हणजे त्यातले लहान. मग ‘पहिला उंच आहे आणि दुसरा उंच नाही’ या विधानाचे मूल्य 0.5 येते. पण दोघांची उंची सारखी आहे! एकाला उंच म्हणून दुसऱ्याला नाही म्हणणे निखालस चूक आहे. ‘उंच’ची रेघ कुठेही ओढली तरी चूक आहे. शाळकरी पोरालाही कळते ते या गणिताला कळत नाही, कारण आकडा काढताना दोन्ही विधाने एकाच रेघेने बांधलेली आहेत ही गोष्ट हरवली. आता हेच मात्रेच्या भाषेत सांगून बघा: दोघांची उंची इतके सेंटिमीटर, माप तेवढे भरा. कोडे उरतच नाही.

लोज्बानला हे आतून ठाऊक असावे, असे तिच्या नकारांकडे पाहून वाटते. ‘ना’ हा आख्खे वाक्य नाकारतो: हे विधान खरे नाही, बस. पण शब्दाला लागणारे आणखी तीन नकार आहेत. ‘तोहे मेल्बी’ म्हणजे सुंदरच्या उलट टोकाचे, कुरूप. ‘नोहे मेल्बी’ म्हणजे ना सुंदर ना कुरूप, त्या पट्टीवर मधोमध. ‘नाहे मेल्बी’ म्हणजे सुंदर सोडून पट्टीवर दुसरे कुठेतरी. हे तिन्ही नकार विधानाला हात लावत नाहीत. ते गुणाच्या पट्टीवर सरकतात. ‘नोहे मेल्बी’ असे म्हणणारा अर्धसत्य बोलत नाही. मधल्या जागेबद्दल तो पूर्ण सत्य बोलतो. मराठीत ‘मला बरे नाही’ म्हटले की आजारी आहे असाच अर्थ होतो. नकार घसरत थेट उलट टोकाला जाऊन थांबतो. घरात याने काही अडत नाही. पण ‘मी या धोरणाच्या बाजूने नाही’ असे म्हणणाऱ्याला लगेच विरोधक ठरवले जाते, तेव्हा ‘ना’ आणि ‘तोहे’ यांतले अंतर आपण गमावलेले असते.

मात्राच सांगायची असेल, तर लोज्बानकडे ‘वाहे’ नावाचा एक प्रामाणिक शब्द आहे. आकड्याला तो जोडला की अर्थ होतो श्रेणीवरचे स्थान. ‘बि फिहु पानो वाहे’ म्हणजे 10 पैकी 8 या स्थानावर. एखादे फूल 10 पैकी 8 इतके लाल आहे, असे त्याने सांगता येते. इथे छेद उघड आहे आणि श्रेणी कोणती ते सांगायची जागाही आहे. संभाव्यतेसाठी ‘शुहो’ हा आणखी वेगळा शब्द आहे. नाणे उडवल्यावर छापा पडण्याची शक्यता 0.5 आहे, हे विधान स्वतः पूर्ण खरे आहे. त्यातला अर्धा नाण्याचा आहे, विधानाचा नाही.

यापुढचा मुद्दा थोडा किचकट आहे, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. सुरुवातीच्या काळात ‘तो येणार की नाही ते मला माहीत आहे’ असे म्हणायला लोज्बानमध्ये ‘जेइ’ वापरत: त्याच्या येण्याचे सत्यमूल्य मला माहीत आहे. ऐकायला बरोबर वाटते. पण सत्यमूल्य म्हणजे जर आकडा असेल, तर तो येणार असल्यास ते मूल्य 1 आहे. दोन अधिक दोन चार, या विधानाचे मूल्यही 1 आहे. मग दोन अधिक दोन चार हे ज्याला माहीत, त्याला तो येणार हेही माहीत? जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी 1892 मध्ये हीच अडचण वेगळ्या अंगाने दाखवली होती. सगळी खरी विधाने एकाच गोष्टीकडे, ‘सत्या’कडे बोट दाखवत असतील, तर त्यांच्यातला फरक त्या बोटाच्या टोकाला सापडणार नाही, तो विधानाच्या आशयात शोधावा लागेल. लोज्बान बोलणाऱ्यांपैकी अनेकजण म्हणूनच ‘जेइ’ सोडून ‘दुहु’ आणि ‘खु काउ’ यांच्याकडे वळले. त्याचा अर्थ साधारण असा: तो येणार का, या प्रश्नाचे उत्तर असलेले विधान मला माहीत आहे. ‘नी’चीही हीच गत झाली. पाणी किती गरम ते मला माहीत आहे, याचा अर्थ मला 40 हा आकडा माहीत आहे असा नसतो. 40 तर सगळ्यांनाच माहीत असतो. तो आकडा या पाण्याचा आहे, हे माहीत असणे म्हणजे ज्ञान.

म्हणजे नुसता आकडा हातात देणे हे काही सांगणे नव्हे. हे व्याकरणाच्या वादात जितके खरे, तितकेच सार्वजनिक जीवनात आहे.

अमेरिकेत 2007 मध्ये पॉलिटिफॅक्ट हा तथ्यतपासणीचा उपक्रम सुरू झाला. नेत्यांच्या विधानांना तो सत्यमापकावर सहापैकी एक शिक्का देतो: खरे, बहुतांश खरे, अर्धे खरे, बहुतांश खोटे, खोटे, आणि धडधडीत थाप. या कामाबद्दल मला आदर आहे. शिक्क्यामागचे लेख कष्टाने लिहिलेले असतात, दाखले दिलेले असतात. पण ‘अर्धे खरे’ची व्याख्या काय? विधान अंशतः अचूक, पण महत्त्वाचे तपशील गाळलेले किंवा संदर्भ सोडून केलेले. एका शिक्क्यात तीन वेगळे दोष आले. ‘करामुळे रोजगार दुपटीने वाढला’ या वाक्यात दोन विधाने आहेत. रोजगार दुपटीने वाढला, हे खरे असू शकते. करामुळे वाढला, हे खोटे असू शकते. अर्धे खरे म्हटल्याने कोणते अर्धे ते कळत नाही, आणि ज्याला जे हवे ते अर्धे तो उचलतो. रोजगार दुपटीऐवजी दीडपट वाढला असेल, तर दोष मात्रेचा आहे; तिथे आकडा दुरुस्त करून सांगावा. आणि रोजगार वाढला पण त्या आधीच्या वर्षी तो निम्म्यावर आला होता हे गाळले असेल, तर विधान पूर्ण खरे आहे आणि तरी फसवणारे आहे.

या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आहे, आणि आपण त्यालाच अर्धसत्य म्हणतो. पण धर्मराजाच्या त्या वाक्याचे सत्यमूल्य काढून पाहा. अश्वत्थामा मेला होता. माणूस की हत्ती एवढेच मोघम ठेवले होते. वाक्य 1 इतके खरे होते. खोटे होते ते द्रोणांच्या मनात उभे राहिलेले दुसरे विधान, आणि ते उभे राहावे हाच बोलणाऱ्याचा हेतू होता. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला तो वाक्य अर्धे खोटे होते म्हणून नव्हे. ज्याने ही कथा रचली त्याला सत्य आणि प्रामाणिकपणा यांतला भेद नेमका ठाऊक होता. अशा वाक्याला ‘50 टक्के खरे’ म्हणणे म्हणजे गुन्हा चुकीच्या कलमाखाली नोंदवणे. त्याला ‘खरे, पण दिशाभूल करणारे’ म्हणावे, आणि कोणती समजूत करून दिली ते पुढे लिहावे.

खात्रीचा प्रश्न आणखी निराळा. 1951 मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता अहवालात लिहिले गेले, की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. शर्मन केंट हे त्या कामातल्या प्रमुखांपैकी एक. पुढे त्यांना कोणीतरी विचारले, गंभीर शक्यता म्हणजे नेमकी किती? त्यांच्या मनात 65 विरुद्ध 35 असे होते. अहवालावर सहमती देणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी विचारले, तेव्हा कोणी 20 विरुद्ध 80 सांगितले, तर कोणी 80 विरुद्ध 20. सगळ्यांनी एकच वाक्य मान्य केले होते आणि प्रत्येकाने वेगळे विधान मान्य केले होते. केंट यांनी 1964 मध्ये यावर लेख लिहून प्रत्येक शब्दाला आकड्यांची चौकट सुचवली.

हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, हा धडा अधिक काळजीने गिरवला. तिथे ‘शक्य’ म्हणजे 66 ते 100 टक्के, ‘अति शक्य’ म्हणजे 90 ते 100 टक्के, ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे 99 ते 100 टक्के. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की या शक्यतेच्या पट्टीशेजारी त्यांनी विश्वासाची दुसरी पट्टी ठेवली. पुरावा किती भक्कम आहे आणि अभ्यासकांत एकमत किती आहे, यावरून विश्वास अति कमी ते अति जास्त अशा पाच पायऱ्यांत सांगितला जातो. एक पट्टी जगाबद्दल, दुसरी आपल्या ज्ञानाबद्दल. दोन्ही एकाच काट्यावर आणल्या असत्या, तर वाचायला सोपे झाले असते आणि अहवाल निरुपयोगी झाला असता.

लोज्बानमध्ये हे काम वाक्यागणिक करता येते. ‘झाहा’ म्हणजे मी स्वतः पाहिले. ‘जाहो’ म्हणजे मी निष्कर्ष काढला. ‘तिहे’ म्हणजे ऐकले. ‘पेहि’ म्हणजे माझे मत. ‘जुहो’ खात्रीसाठी, आणि त्याला ‘शाइ’ जोडले की पक्की खात्री, ‘रुहे’ जोडले की जेमतेम. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी प्रमाणांची न्यायदर्शनातली यादी ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांना हे परके वाटू नये. आपल्याकडे ‘तिहे’ तर रोजच्या बोलण्यात आहे. ‘त्याची बदली झाली म्हणे.’ हा ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटी येतो, कोण म्हणे ते सांगत नाही, आणि बोलणाऱ्याला जबाबदारीतून सोडवतो.

आणि इथे माझे त्या व्याकरणग्रंथाशी जुळत नाही. ग्रंथ म्हणतो, की असे पद जोडलेले वाक्य एका अर्थाने वादातीत होते. मी ऐकले, मी पाहिले, मला वाटले असे कोणी म्हणत असेल, तर ते खोडणार कोण? तर्क म्हणून हे ठीक आहे. पण अफवा याच वाटेने पळते. ‘म्हणे’ची ढाल पुढे करून माणूस ते वाक्य पसरवतो, ऐकणारा ‘म्हणे’ गाळून पुढे सांगतो, आणि विचारायला गेले की पहिला म्हणतो, मी तर ऐकलेलेच सांगितले. उगमाचे चिन्ह हे विधानाला जोडलेले परिशिष्ट असावे, विधानाऐवजी ठेवलेला पडदा नसावा. तुम्ही ऐकले हे खरे. पण जे ऐकले ते खरे की खोटे, हा ‘जेइ’चा प्रश्न तसाच शिल्लक आहे, आणि पुढे सांगताना तो तुमचाही झाला.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि मी तो उडवून लावणार नाही. रिकामी जागा भरली की विधान खरे नाहीतर खोटे, हे पाण्याला आणि उंचीला लागू पडले. पण ढिगाचे काय? मिलेटसच्या युबुलिडीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाने विचारलेला प्रश्न तसाच आहे: वाळूच्या ढिगातून एकेक कण काढत गेलो, तर तो ढीग राहत नाही तो नेमका कधी? ‘ढीग’ला कितीही जागा दिल्या, कोणतेही माप भरले, तरी काठावरचे काही कण उरतीलच. मग तिथे तरी सत्य अंशात नको का? मला वाटते नको. कारण अंश दिल्याने रेघ नाहीशी होत नाही, रेघा वाढतात. आधी ढीग असणे आणि नसणे यांत एकच सीमा सापडत नव्हती. आता 0.71 आणि 0.70 यांतली, 0.70 आणि 0.69 यांतली, अशा शंभर सीमा सांगाव्या लागतात, आणि त्यांतली एकही कोणी पाहिलेली नाही. काठावर असताना ‘हा शब्द इथे लागतो की नाही ते ठरलेले नाही’ असे म्हणणे जास्त प्रामाणिक आहे. कणांची संख्या मात्र सांगता येते. तीही न सांगता 0.70 म्हणणाऱ्याने दोन दशांशांपर्यंत अज्ञान मोजलेले असते.

दुसरा आक्षेप व्यवहारातला: दर वाक्यात एवढ्या जागा भरत बसलो तर बोलणे अशक्य होईल. मान्य. लोज्बान बोलणारेही बहुतेक जागा रिकाम्या ठेवतात, आणि भाषेने त्यांना ती मुभा दिली ते योग्यच केले. माझी मागणी फक्त एवढी आहे, की आकडा उच्चारला की ती मुभा संपावी. ‘पाणी बरेच गरम आहे’ असे कोणी म्हणाले तर मी काही विचारणार नाही. ‘हे विधान 70 टक्के खरे’ असे म्हणाले, तर 70 कशाचे हे विचारण्याचा हक्क मला हवा.

सर्वांत अवघड जागा आहे ती ‘न्याय्य’, ‘सुरक्षित’, ‘यशस्वी’ अशा शब्दांची. यांना एकक नाही. त्यांच्यात अनेक पट्ट्या एकत्र बांधलेल्या आहेत, आणि कोणत्या पट्टीला किती वजन द्यायचे हाच खरा वाद असतो. एक माणूस म्हणतो, हा कायदा न्याय्य आहे हे 0.8 खरे, दुसरा म्हणतो 0.4. दोघे तासभर त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर भांडू शकतात. आता पहिल्याला ‘कोणत्या मापाने न्याय्य’ ही जागा भरायला लावा. तो म्हणतो, कायद्याची अंमलबजावणी सगळ्यांना सारखी होते. दुसरा म्हणतो, कायद्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी पूर्ण खरी असू शकतात, आणि तपासताही येतात: खटले मोजता येतात, भार मोजता येतो. त्यानंतर उरतो तो वाद अंमलबजावणी मोठी की भार मोठा, हा. तो मिटेलच असे नाही. पण आता दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, आणि दोघांनाही ते माहीत आहे.